नऊ पोपट सोडले ती सकाळ

वाडीच्या मागच्या भिंतीवरून माणसं आत उतरतात, हे मला पहिल्यांदा सासूबाईंनी सांगितलं. मी सगळं वहीत लिहून ठेवते, पण हे लिहिलं नाही. गुडघे गेल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत दिवसभर खुर्ची टाकून बसतात, आणि गिरगावात काय चाललंय ते आधी आपल्यालाच कळतं असं त्यांचं मत आहे.

"दोघं होते. हातात बांबूच्या काड्या. आंब्यावर चढले होते."

"केबलवाले असतील, आई."

"पहाटे साडेपाचला? तुमची केबल फार लवकर उठते हो."

मागच्या आवारात एक जुना रायवळ आंबा आहे. आवार वाडीच्या मालकीचं, खाजगी. कैऱ्या धरल्या की तिथे पोपटांचा थवा मुक्कामाला येतो. त्यातल्या एकाला डाव्या पायाचं एक बोट नव्हतं. तो रोज संध्याकाळी आमच्या कठड्यावर बसून सासूबाईंच्या हातून भिजवलेले हरभरे खायचा. हरभरे मी वाटीत काढून द्यायची. "त्याला तरी मोजून वाढू नकोस," असं मला रोज ऐकावं लागायचं. संध्याकाळी साडेपाचपासून त्या आंब्याकडे बघत बसायच्या. तो पोपट आला की जेवण वेळेवर आणि मुकाट्याने होई. नाही आला तर भाजी खारट, पोळी कडक. त्यामुळे तो पोपट टिकणं ही माझीही गरज होती.

पुढच्या आठवड्यात थवा अर्धा झाला. झाडाच्या बुंध्याशी मला एक काडी सापडली. तिला काळपट चिकट काहीतरी फासलं होतं आणि त्यात तीन हिरवी पिसं अडकली होती. मग मात्र मी वही उघडली. पाच वर्षं वाडीची सचिव आहे, अशी कामं मला जमतात. भिंतीवर पाटी लावली. मागच्या फाटकाला नवं कुलूप घातलं. तळमजल्यावरच्या दोघांना आणि पहिल्या मजल्यावरच्या जिमवाल्याला पहाटेच्या पाळ्या नेमून दिल्या. शिट्टी जिमवाल्याकडे ठेवली, कारण तो वेळेवर उठतो.

तिसऱ्या पहाटे शिट्टी वाजली. मी खाली पोचले तोवर एक जण भिंतीवरून पळाला होता आणि दुसऱ्याला सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तो माझ्याच वयाचा असेल. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. हातातली कापडी पिशवी हलत होती. दोरी हवी होती म्हणून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी मीच आणून दिली. त्याला सांडपाण्याच्या पाइपला बांधलं. गाठ नीट बसत नव्हती, तीही मीच बांधली.

वाडी गोळा झाली. कुणीतरी त्याच्या दोन कानाखाली दिल्या. जिमवाल्याने त्या माणसाच्या डब्यातला, पक्षी धरायचा चिकट लासा बोटांवर घेतला आणि त्याच्या केसांत, भुवयांत चोळला.

"कसं वाटतं? मस्त ना? आता उडून दाखव."

लोक हसत होते, मोबाइल वर धरलेले होते. मी घड्याळ बघितलं. सात वाजायला आले होते. साडेनऊला माझ्या ऑफिसात मुलाखती होत्या आणि पॅनेलवर मी होते. पोलिसांत गेलं तर अर्धा दिवस जाणार, आणि सोबत यायला कुणी तयार नव्हतं.

मी वर गेले आणि पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेला गॅलरीतून फोन लावला. हाताला लिहायचं काम असतं म्हणून मी फोन नेहमी स्पीकरवर ठेवते. शेजारी खुर्चीत सासूबाई होत्या. पलीकडून एक बाई शांतपणे सांगत होती. लासा लागलेले पक्षी सोडू नका, त्यांना उडता येत नाही. खोक्यात अंधारात झाकून ठेवा. बारापर्यंत आमचा माणूस येईल.

मी वहीत लिहिलं : 'खोका. झाकणे. १२ ला माणूस.' मग विचार केला. बारापर्यंत घरी थांबणार कोण? खाली त्या माणसाला तोवर बांधून ठेवायचं? मुलाखतींचं काय? मी त्या ओळीवर रेघ मारली. सासूबाईंनी ती रेघ बघितली.

"खोका माळ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाशी ठेव. मी बघते बारापर्यंत."

"तुम्हाला उठता येत नाही, आई."

"उठायला कशाला लागतं? बसूनच झाकायचंय ना?"

मला त्या क्षणी वाद नको होता. मी खाली गेले.

खाली अध्यक्ष काकांनी विचारलं, "काय झालं? फोन लागला का?"

"नाही लागला," मी म्हणाले. "आपणच सोडून देऊ. त्याच्याच हाताने सोडायला लावू, म्हणजे त्यालाही धडा मिळेल."

सगळ्यांना ते फार आवडलं. त्याचा एक हात मोकळा केला. तो पिशवीत हात घालेना.

"मॅडम, आत्ता नको. पंखाला लासा आहे. पडतील."

"म्हणजे तुला घेऊन जायचेत, असंच ना?"

"मारा मला, पण यांना असं सोडू नका. खोबरेल द्या कुणीतरी, अर्धी वाटी. आणि जरा पीठ. पुसून देतो. तासाभरात उडतील."

"चंपी करायची का पोपटांची?" जिमवाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. वाडीत बावीस बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येक घरात खोबरेलाची बाटली आहे. तेव्हा माझ्या मनात ते आलं नाही असं मी लिहू शकले असते. आलं होतं. तासभर हे गणित मला परवडत नव्हतं.

वरून सासूबाई ओरडत होत्या. "अगं थांब! ती बाई काय म्हणाली? सोडू नका म्हणाली ना!"

काकांनी वर बघितलं. "काय म्हणतायत आई?"

"त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही," मी म्हणाले. "काढ रे तू. पटपट."

त्याने पहिला पोपट बाहेर काढला, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप हलक्या हाताने, आणि डोळे मिटून वर फेकला. तो डोक्याएवढा वर गेला आणि ओल्या फडक्यासारखा फरशीवर आपटला. लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले होते, ते तसेच राहिले. कुणीतरी म्हणालं, घाबरलाय बिचारा, पुढचा सोड. दुसरा गटारात गेला. कावळे कुठून आले कळलं नाही. तिसऱ्यापासून ते खाली येऊ देईनात. तेव्हाही थांबता आलं असतं. पिशवीत सहा होते. पण चालू झालेलं काम मधेच सोडायची मला सवय नाही. "चल, पुढचा," मी म्हणत राहिले.

एक मांजरीने नेला. एक आंब्याच्या फांदीला पंखाने चिकटला आणि उलटा लटकून राहिला. तो संध्याकाळपर्यंत जिवंत होता. तिथवर शिडी पोचत नव्हती.

शेवटचा पोपट बोट नसलेला होता. तो त्या माणसाच्या हातात असतानाच मी ओळखला. तो इतरांसारखा पडला नाही, सरळ आमच्या गॅलरीच्या दिशेने गेला. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला आणि तिथे वाळत घातलेल्या चादरीला चिकटला. तिसऱ्या मजल्यावरून सासूबाईंनी कठड्याबाहेर हात काढला होता. त्यांच्या हातात आणि त्याच्यात एका मजल्याचं अंतर होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी किंचाळल्या. कपडे वाळत घालायच्या काठीने त्यांनी त्याला चादरीवरून ढोसून सोडवला. तो खाली आला आणि बाकीचं कावळ्यांनी केलं.

दोरी मीच सोडली. त्या माणसाच्या केसांत सुकलेली आंब्याची पानं चिकटली होती. तो फाटकातून बाहेर पडताना म्हणाला, "मी नेले असते तर पिंजऱ्यात असते, मॅडम. जिवंत असते." त्यावर जिमवाल्याने त्याला अजून एक ठेवून दिली.

मी साडेनऊला ऑफिसात होते. चार उमेदवार घेतले.

त्यानंतर कुणी भिंतीवरून उतरलं नाही. थवाही आला नाही. संध्याकाळी मी वाटीत हरभरे काढून दिले, तर सासूबाईंनी वाटी माझ्याकडे परत सरकवली. ओरडल्या नाहीत. भाजी खारट आहे असंही म्हणाल्या नाहीत. मला ते टोमणे हवे होते, हे मला तेव्हा कळलं.

वाडीच्या सत्यनारायणाला समितीने माझा सत्कार ठेवला. शिकारी पकडला म्हणून. सासूबाईंना खुर्चीसकट खाली आणलं. काका बोलले, मोबाइलवरचा व्हिडिओ शिट्टीपासून दोरीपर्यंत दाखवला, त्यापुढचा कापला होता. शाल आणि नारळ माझ्या हातात आला. टाळ्या थांबल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"त्या दिवशी फोन लागला होता का गं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "नाही लागला, आई."

"नाही ना? मग मलाच ऐकू येत नसेल," त्या म्हणाल्या आणि प्रसादासाठी हात पुढे केला.

वर आल्यावर त्यांनी माझ्याकडून शाल मागून घेतली आणि गॅलरीच्या कठड्यावर, तो बसायचा त्या जागी, टाकली. उन्हाने तिचा रंग गेलाय. 'शाल कपाटात ठेवणे' असं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. दर रविवारी नवं पान काढते, तेव्हा ते पुढे उतरवून घेते.