खंडेनवमीला बदललेले बॉल जॉइंट

मी चांगला मिस्त्री होतो असं नाशकातली जुनी माणसं अजून सांगतात. मी त्यांना थांबवत नाही. माझ्या आयुष्यात न थांबवलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत, त्यात ही एक.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. आग्रा रोडला माझी पत्र्याची शेड होती, मागं लागूनच घर. पिंपळगावचे एक कांद्याचे अडते माझे गिऱ्हाईक. त्यांनी देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून जुनी विलायती मोटार हौसेनं घेतली होती. गाडीला दिमाख होता, दम नव्हता. पुढच्या दोन्ही चाकांचे खालचे बॉल जॉइंट पार झिजले होते. बॉल जॉइंट म्हणजे गाडीचा खांद्याचा सांधा. चाक वळतं ते त्याच्यावर आणि तोललेलं असतं तेही त्याच्यावर. तो निखळला की चाक आडवं पडतं. जॅकवर चढवून चाक हलवलं तर म्हाताऱ्याच्या दातासारखं हलत होतं. मी गाडी ठेवूनच घेतली. नवे जॉइंट मुंबईहून यायला दीड महिना गेला, आणि आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी.

खंडेनवमीला आमची हत्यारं पूजेत असतात. बायकोनं सकाळीच पाटावर पाने, हातोडे, पक्कड मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, निरांजन लावलं. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर ज्यांना शिव्या देत आपटतो, त्यांना एक दिवस विश्रांती. मला ती रीत आवडायची.

तेवढ्यात ते अडते शेठ आले, सोबत त्यांची बायको. हिरवं लुगडं, हातात ओटीचं सामान, नऊ दिवसांच्या उपासानं उतरलेला चेहरा. त्यांना वणीच्या गडावर जायचं होतं आणि ओटी नवमीलाच भरायची होती.

"आज हत्यारं उचलत नाही शेठ. यष्टीनं जा," मी म्हणालो.

"यष्टीला पाय ठिवायला जागा नाय, मिस्त्री. हिला उभं ऱ्हावत नाय. देवीचंच काम हाय, देवी काय म्हणनार हाय तुमाला?"

मी दोनदा नाही म्हटलं. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. तिथं मी विरघळलो. बायको आत स्वयंपाकात होती. चोरासारखं दोन पाने आणि एक हातोडा पाटावरून उचलले, कुंकू पायजम्याला पुसलं आणि गाडीखाली शिरलो.

जुने जॉइंट ठोकून काढले, नवे बसवले, नट हातानं जेमतेम घट्ट केले. पक्का आवळ नेहमी शेवटी द्यायचा असतो: नटाची खाच जॉइंटच्या दांड्याच्या भोकाशी जुळवायची, त्यातून स्प्लिट पिन घालायची आणि तिची टोकं पक्कडीनं वाकवायची. मग नट जन्मात फिरत नाही. पिना मी डबीच्या झाकणात काढून ठेवल्या आणि पक्कड घ्यायला पाटाशी गेलो. पक्कडीलाच टेकून निरांजन तेवत होतं.

पाने उचलताना ज्याला काही वाटलं नाही, तो मी त्या ज्योतीपाशी अडलो. जळतं निरांजन हलवायचं धाडस होईना. ज्योत आपसूक शांत झाली की घेऊ, तोवर चाकं लावू, पिना काय खाली शिरून नंतरही घालता येतात, असा हिशेब केला. चाकं लावली. गाडी जॅकवरून उतरवली. बायको बाहेर आली, हातातला पाना बघून तोंड फिरवून आत गेली. मला भयंकर ओशाळं वाटलं. पाने घाईघाईनं पाटावर ठेवले, हात धुतले, शेठना चहा दिला. ते निघाले. मी हात जोडले.

दिंडोरीच्या पुढं डावं चाक आडवं पडलं आणि गाडी बाभळीवर गेली. बाई जागीच गेल्या. शेठचा पाय मोडला. दिवेलागणीला निरोप आला तेव्हा मी उठून झाकण पाहिलं. दोन्ही पिना त्यात होत्या. त्या मी विहिरीत टाकल्या.

गावात एकच बोललं गेलं: खंडेनवमीला हत्यार उचललं, देवीनं दाखवलं. बायकोही तेच म्हणाली आणि वर्षभर माझ्यासाठी शुक्रवार धरले. मला कुणी विचारलं नाही, पोलिसांनीसुद्धा जुनी गाडी म्हणून सोडून दिलं. देवीच्या कोपामागं मी मजेत लपलो. मजेत हा शब्द बरोबर नाही, पण लपलो हे खरं.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी शेठ यष्टीनं आले. काठी टेकत शेडमध्ये शिरले, स्टुलावर बसले. मला वाटलं, कळलं यांना. मी सगळं सांगून टाकायच्या तयारीत होतो, खरंच होतो.

त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "मिस्त्री, तुमी नाय म्हनत व्हते. म्या तुमाला पाप करायला लावलं. तुमाला बोल लागला, ती बी गेली. मला माफ करा."

मी त्यांचे हात धरले.

"येकच सांगा," ते म्हणाले. "म्या त्या दिवशी हट धरला नसता, तर ती वाचली असती का?"

पिनांचं सांगितलं असतं तर तो माणूस तिथंच सुटला असता. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "हो शेठ. वाचल्या असत्या."

त्यांनी मान हलवली आणि काठी शोधून उठले. मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेलो.