नळ्यांचा फोटो

पहिली लेक झाली तेव्हा मला वाटलं, यात काय मोठं! लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच पाळणा हलला, आणि मी माहेरी देगलूरला जाऊन मैत्रिणींना सल्ले देत फिरले. हे खा, ते खाऊ नका, असं झोपा, तसं उठा. जणू लेकरं होण्याची विद्या मला एकटीलाच आली होती. मग लेक शाळेत जायला लागली, दुसरीत गेली, आणि तिच्या पाठीवर काही होईना, तेव्हा ही विद्वान बाई गप्प झाली.

मूलच नसलेल्या बाईची लोक निदान कीव तरी करतात. माझी तीही सोय नव्हती. "एक हाय की तुला," म्हणायचे आणि विषय संपवायचे. खोटं नव्हतं ते. पण लेक ओसरीवर गजगे खेळायला बसली की एकदा आपल्या बाजूनं खेळायची, मग उठून समोर जाऊन बसायची आणि दुसऱ्या बाजूनं खेळायची. जिंकायची तीच, चिडायचीही तीच. ते मला बघवत नव्हतं.

आमचं औशाला किराण्याचं दुकान. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पावसाचा पत्ता नव्हता, पण लातुरात पाट्या मात्र रोज नव्या रंगत होत्या, कचेऱ्यांच्या आणि दवाखान्यांच्या. त्यातल्याच एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे मी जायला लागले. घरी सांगितलं, डोळे दाखवायला जाते. खरं काय ते फक्त ह्यांना ठाऊक. ह्यांनी माल आणायच्या निमित्तानं जाऊन आपली तपासणी करून घेतली होती, त्यात काही दोष निघाला नव्हता, आणि तेव्हापासून हळद-मिरची तोलतानासुद्धा ते छाती काढून बसत.

डोळ्यांचं सोंग छान वठलं, असं मला वाटत होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला तांदूळ निवडू देईनात, सुईत दोरा ओवू देईनात. "राहू दे गं, डोळ्याला तरास हुईल." मी मनात म्हणायची, काय हुशार आहेस तू बाई! आणि खुशाल बसून राहायची.

मग एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नळ्यांचा फोटो काढू. खालून औषध सोडायचं आणि एक्स-रे घ्यायचा, म्हणजे पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या उघड्या आहेत की बंद ते कळतं. सोबत कुणाला तरी आणा. आणि हो, येताना कॅनभर पाणी आणा, आमचा बोअर आटलाय.

फोटोच्या दिवशी नेमकं ह्यांना दुकान सोडवेना. मी तोंड पाडून निघाले, तर मी भरून ठेवलेला कॅन घेऊन आत्याबाई दारात उभ्या.

"चल. म्या येते."

"आत्याबाई, तुम्ही कशाला? नुसते डोळे तर दाखवायचेत."

"मंग हे पाणी काय डोळ्यात घालायचंय?"

आम्ही बस धरली. लातूरला उतरल्यावर त्या मला काही न विचारता सरळ त्याच दवाखान्याच्या दारात जाऊन थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "सहा बाळंतपणं काढलीत म्या. डोळे दाखवून कुणी वटीपोट धरून घरी येत नसतंय. दवाखाना कुठला, ते लेकाकडनं काढून घेतलंय म्या. आन् तांदूळ म्या निवडत राहिले, तू मजेत बसलीस. चल आत."

आत गेले आणि सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढून ठेवा. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. मग तिनं गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बोट केलं. "हे पण."

आम्ही लिंगायत. लेकरू असताना स्वामींनी गळ्यात बांधलेलं लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही. त्या डबीत माझं लिंग होतं आणि त्याचा दोरा मी हौसेनं इतका लांब ठेवला होता की आडवी झाले की डबी घरंगळून थेट ओटीपोटाशी. फोटोत तीच आली असती.

मी ताडकन उठून बसले. "जीव गेला तरी लिंग काढणार न्हाई!"

आता हे मी म्हणाले, हे ऐकून आमचे स्वामीसुद्धा खुर्चीवरून पडले असते. रोजची पूजा मी चहा उकळेपर्यंत उरकायची. पण त्या टेबलावर मी अशी काही भक्तीण झाले की विचारू नका. डॉक्टरीणबाई समजुतीनं म्हणाल्या, हातात धरा. मी म्हणाले, हात थरथरतोय, पडलं तर? त्या म्हणाल्या, दोरा आखूड करू. मी म्हणाले, तो स्वामींनी मंतरलेला आहे. मंतरलेला कसला, बाजारातून मीच आणलेला!

खरं म्हणजे मला पळायचं होतं. फोटो निघेपर्यंत दोष देवाचा होता, दुष्काळाचा होता, कुणाच्या तरी नजरेचा होता. एकदा का फोटोत बंद दिसलं, की मग रुसायला कुणी उरत नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना आत बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कमरेचा रुमाल काढला, डबी उचलली आणि म्हणाल्या, "डोक्यावर बांधायचं. लिंगाला डोकं चालतंय. आन् हिचं तर रिकामंच हाय, जागा बी लई."

सिस्टर तोंडाला पदर लावून हसली. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर डबी ठेवून हनुवटीखालून असा गच्च रुमाल आवळला की मी दात दुखत असल्यासारखी दिसायला लागले. मग हळूच कानाशी म्हणाल्या, "भ्या वाटतंय न्हवं? वाटू दे. बंद निघालं तरी तू मला हायेस की."

त्यानंतर मी निमूट आडवी झाले. कळ आली तेव्हा "शिवा शिवा" म्हणून ओरडले. ते तेवढं मात्र खरंखुरं होतं.

फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवी बंद आहे, डावी मोकळी आहे. एक पुरते.

परतीच्या बसमध्ये आत्याबाईंनी तो काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मी म्हणतेय, अहो आत ठेवा, लोक बघतात. तेवढ्यात कंडक्टर आला. "मावशी, कुणाचं हाड मोडलं?"

"हाड न्हाई, बाबा. माझ्या नातवंडाची वाट हाय ती." मी पदर तोंडावर ओढून घेतला. शेजारच्या बाईनं तर फोटो मागून घेतला आणि उलटा धरून "चांगला हाय" म्हणाली.

त्यानंतर पुष्कळ दिवस गेले. उन्हाळा लागला, टँकर सुरू झाले. मला सकाळी चहाचा वास नकोसा व्हायला लागला, मळमळून तोंडाला पाणी सुटायला लागलं. मी जाहीर केलं की हे टँकरच्या पाण्याचं पित्त आहे. दुकानातून ओवा आणायचा आणि चघळत बसायचं. एवढी डॉक्टरकी केलेली, सोंगं केलेली बाई मी, मला एकदाही शंका येऊ नये! पाळी आली नाही ते मी उन्हाच्या माथी मारलं. आत्याबाई सगळं बघत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. चांगली करमणूक चालली होती त्यांची.

शेवटी एका दुपारी मी पुन्हा ओव्याच्या डब्यात हात घातला, तेव्हा जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा मांडीवर पसरत त्या म्हणाल्या, "का गं, तुझ्या ह्या पित्ताला टोपडं शिवू का कुंची?"

माझा हात डब्यातच राहिला. त्या सुईत दोरा ओवत होत्या, मान वर न करता.

"कुंची," मी म्हणाले.