मोटरहोमचं गॅरेज आणि पीटरची लेबलं

चौदा वर्षं एकाच बंगल्यात सुतारकाम केलं की किस्से रंगाच्या अर्धवट डब्यांसारखे साठत जातात. कामाला येत नाहीत, टाकवतही नाहीत. आज जे डबे उघडतोय ते सगळे एकाच गाडीतले.

बंगला कतारमधला, मदिनत खलीफा भागातला. मालकाला आम्ही सगळे 'बाबा' म्हणतो. हा बाबा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याच्याकडे मोटरहोम आहे, म्हणजे बसएवढी गाडी, आत पलंग, किचन, संडास सगळं. थंडी पडली की चार महिने कुटुंब ती घेऊन समुद्रकाठी, सीलाइनच्या वाळूत कॅम्पला जातं. गाडीच्या शेपटाकडे, पलंगाखाली, खोलीएवढा कप्पा असतो. त्याला गॅरेज म्हणतात. खुर्च्या, गालिचे, कोळसा, हवेचा पंप, फावडी, सगळं त्यात.

हे गॅरेज माझं. माझी पद्धत सोपी: सगळं आत ढकलायचं आणि पाठ लावून दार बंद करायचं. उघडताना मात्र बाजूला उभं राहायचं. हे बाबाला पाठ होतं, मुलांना पाठ होतं, बाबाच्या मेव्हण्याला नव्हतं. तो समोर उभा राहिला, दार उघडलं, आणि सहा खुर्च्या नि कोळशाचं पोतं त्याच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर.

बाबा हसून हसून खाली बसला. "मेस्त्री का गॅरेज सलाम करता है," म्हणाला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात कॅम्पला मीच.

*

मग बंगल्यावर कामाला आला पीटर. वसईचा. वीस वर्षं इस्पितळाच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस, त्यामुळे गॅरेज बघून त्याचा चेहरा पेशंट बघितल्यासारखा झाला. दोन दिवसांत त्याने पारदर्शक डबे आणले, पट्टे आणले, आणि हातातल्या चिमुकल्या मशिनमधून लेबलं काढून सगळ्याला चिकटवली. मलाही चिकटवेल म्हणून मी दोन दिवस लांबच राहिलो.

आता पाहुणे आले की बाबा त्यांना आधी गॅरेज दाखवायला लागला. मजलिसचा, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीचा, सागवानी दरवाजा मी माझ्या हातांनी कोरलाय. दहा वर्षांत तो कुणी वळून पाहिला नाही. आणि डबे बघायला रांग!

आमचा ड्रायव्हर शिंदे साताऱ्याकडचा. तो म्हणाला, "मेस्त्री, तुमचं तोंड का असं आंबट?"

"लिंबू खाल्लं."

"कुठलं? पीटरच्या डब्यातलं?"

*

त्यातच बाबाने सांगितलं की या वर्षी सासूबाई येणार, सोबत त्यांची बाई, म्हणून शिंदेशिवाय आणखी एकाच माणसाला जागा. "जो गॅरेज संभालेगा, वो आएगा."

आता तुम्ही म्हणाल, वाळूत जाऊन झोपायला एवढं काय! सांगतो. बंगल्यात मी मागच्या दाराने येतो आणि मागच्याच दाराने जातो. कॅम्पला मात्र संध्याकाळी शेकोटीपाशी बाबा स्वतःच्या हाताने मला गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, ओतून देतो. फिंजान, तो चिमुकला कप, रिकामं झालं की पुन्हा ओततो. माझ्या गावची पेज कशी करतात ते विचारतो, दर वर्षी तेच विचारतो. ते चार महिने मी मेस्त्री नसतो, शेजारी बसलेला माणूस असतो.

म्हणून मी पीटरची लेबलं बदलली.

*

सगळी नाही. आठ-दहा. कोळशाचं संडासाच्या औषधाला, पंपाचं मसाल्याला, असं. मला इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी ट्रायल म्हणून गाडी सीलाइनला नेली. बाबा म्हणाला, "पीटर, पंप." मी गालिच्यावर मस्त मांडी ठोकून बसलो. पीटरने मान न वळवता हात घातला आणि पंप काढला. "फावडा." फावडं काढलं. लेबलाकडे एकदासुद्धा बघितलं नाही.

"लेबलं तुम्हा लोकांसाठी," तो मला म्हणाला. "मला काय करायचीयत?"

तेवढ्यात बाबा म्हणाला, "मेस्त्री, कोयला."

मी गेलो. कुठलं कुठे लावलं ते काही केल्या आठवेना. डबे पारदर्शक, पण उन्हासाठी पीटरने आतून कागद लावलेले. शेवटी एक उचलला आणि देवाचं नाव घेऊन, न बघताच उपडा केला.

शेगडीत संडासाचं औषध ओतणारा कतारमधला पहिला माणूस मीच असेन.

बूट काढून, पँट दुमडून, पाय गुडघ्यापर्यंत वाळूत पुरून पीटर उरलेला दिवस समुद्राकडे बघत बसला होता. निघायच्या वेळी त्याला शिंदेने दोन्ही हातांनी ओढून काढला. "सोडा ओ, पाच मिनिटं अजून," म्हणत होता. आपण वसईला पोचलो असं वाटत होतं त्याला.

*

मग मी ठरवलं, खोड्या बस, कला दाखवायची. गॅरेजच्या मागच्या भिंतीला सागाचं कपाट केलं. खण, कप्पे, पितळी कड्या. चार माणसांनी उचलून आत बसवलं. पीटर म्हणाला, "मेस्त्री, देखणं आहे, पण वजन शेपटाकडे..." मी म्हटलं, जळतोस.

शिंदेने गाडी अल अझीझियाकडे काढली. पहिल्या स्पीडब्रेकरवर त्याने मला हाक मारली.

"मेस्त्री, तुम्ही गाडी चालवलीय कधी?"

"नाही."

"मंग ऐका. स्टिअरिंग फिरवतोय मी, पण पुढच्या चाकांना ते कुणी कळवतच नाही. गाडी नाक वर करून चाललीय, नव्या सुनेवाणी."

कपाट संध्याकाळी उतरवलं. सध्या त्यात शिंदे कांदे ठेवतो. पितळी कड्यांसकट.

*

शेवटचा उपाय पेन्सिलीचा. आमच्याकडे स्वयंपाकी बंगाली, बाई नेपाळी, मी चौथी पास. इंग्रजी लेबल वाचणारे पीटर नि शिंदे सोडून कोण? मी गॅरेजच्या प्लायवर प्रत्येक वस्तू ठेवली आणि सुताराच्या पेन्सिलीने तिच्या कडेकडेने रेघ मारली. फावड्याची आकृती, गहव्याच्या किटलीची आकृती, चोचीसकट. जिथे आकृती, तिथे वस्तू. रिकामी आकृती दिसली की काय हरवलं ते आंधळ्यालाही कळावं.

बाबा खूश. तोच मेव्हणा आला होता, तोही खूश. या वेळी बाजूला उभा होता. "पीटर का आयडिया?" त्याने विचारलं.

मी घसा साफ करत पुढे झालो. पण माझ्या आधी पीटरच बोलला, "नहीं साब. मेस्त्री का. मेरे से अच्छा है."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? चांगुलपणातसुद्धा मेला माझ्या पुढे!

त्या रात्री मी जेवलो, पण राग म्हणून लोणचं घेतलं नाही.

*

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत बाबाने कोण येणार ते सांगितलंच नव्हतं. दुपारी धुण्यासाठी गॅरेज रिकामं केलं होतं. आत सावली, गार प्लाय, पोटात मटणभात. म्हटलं, जायला मिळो न मिळो, एकदा पडून घेऊ. पडलो, तो झोपच लागली.

जाग आली तेव्हा दारात बाबा, शिंदे आणि पीटर उभे. पीटरच्या कानावर माझी पेन्सिल.

मी गडबडून उठलो, बाहेर आलो. तिघेही माझ्याकडे नाही, आत बघत होते. मीही वळलो. प्लायवर मी होतो. कुशीवर, गुडघे दुमडलेले, एक हात डोक्याखाली. कडेकडेने बारीक रेघ, कुठेही न तुटलेली. पोट मुद्दाम मोठं काढलेलं. शेजारी मशिनमधलं लेबल.

"काय लिहिलंय रे?" मी शिंदेला विचारलं.

"नाजूक सामान," शिंदे म्हणाला. "आपटू नये."

बाबाने वाकून आकृती बघितली, मग मला बघितलं, मग पुन्हा आकृती. "जगह बन गया तो सामान जाएगा," तो म्हणाला. "लेकिन इधर नहीं, आगे सीट पे. यल्ला, चलो."

तो बंगल्यात गेला. मी पीटरकडे बघितलं.

"आणि तू?"

"मला वाळूची ॲलर्जी आहे, मेस्त्री," पीटर म्हणाला, आणि माझ्या पायांच्या रेघेला धक्का लागणार नाही अशा बेताने खुर्च्या आत लावायला लागला.