संघ निवडायला आलेला माणूस

गार्नेट फ्रीझन ब्रॅक्लोत राहायला आला तेव्हा त्याच्याकडे दोन सुटकेसी होत्या, चष्म्याच्या भिंगांची एक लाकडी पेटी होती, आणि संघ नव्हता. सुटकेसींबद्दल आणि पेटीबद्दल आमच्या गावाची काही तक्रार नव्हती.

माणूस कॅनडाचा. वय बावन्न. धंदा डोळे तपासण्याचा. कुठल्याशा प्रशिक्षणाला आला, तिथे आमची हिलरी क्लेग त्याला भेटली आणि वर्षभरात तो तिकडचं घर विकून तिच्या मागोमाग इंग्लंडच्या उत्तरेला, ह्या ओल्या, कोळशाच्या रंगाच्या गावात येऊन पडला. हिलरीचं घर आणि तिच्या वडिलांचं घर एकाच गल्लीत. दोन्हीकडची पत्रं मीच टाकायचो, म्हणून एवढं ठाऊक.

पहिल्याच रविवारी ‘रॅम’मध्ये मॅव्हिसनं त्याच्यापुढे बिअर ठेवली आणि पब चालवणारी बाई नव्या माणसाला विचारते तेच विचारलं.

“कुठला संघ तुझा?”

“अजून ठरवलं नाही,” गार्नेट म्हणाला.

मॅव्हिसनं ठेवलेली बिअर थोडी मागे ओढली. तुझी आई कोण असं विचारावं आणि समोरच्यानं ‘पाहतोय अजून, दोन-तीन बायका आहेत यादीत’ असं सांगावं, तसं काहीतरी झालं.

आणि यादी खरोखरच होती. पुढच्या आठवड्यात त्यानं ती आणली. देशातले फुटबॉलचे वीस मोठे संघ, आणि शिष्टाचार म्हणून शेवटी आमचं ब्रॅक्लो टाऊन. प्रत्येकाला शंभरपैकी गुण. अंतर, इतिहास, मालकाची वागणूक, चषक जिंकण्याची शक्यता, जर्सीचा रंग, मुताऱ्यांची अवस्था. टाऊनला एकतीस मिळाले होते. अंतरात पैकीच्या पैकी, चषकात शून्य. मुताऱ्यांबद्दल त्यानं खाली एक टीप लिहिली होती, ती दुर्दैवानं खरी होती. पहिला आला तो चौतीस मैलांवरच्या शहरातला संघ, जो दरवर्षी काही ना काही जिंकतो आणि ज्याचे चाहते जगभर असतात, फक्त त्याच्या शेजारी नसतात.

हा कागद त्यानं दाखवला कुणाला, तर स्टॅन्ली क्लेगला. हिलरीच्या बापाला.

स्टॅन्ली एक्याऐंशीचा. लोकरीच्या गिरणीत रंगाच्या हौदांवर आयुष्य गेलेलं. टाऊन खेळतं त्या स्पर्धेची पायरी वरून मोजण्यापेक्षा खालून मोजलेली सोपी, पण स्टॅन्लीनं गेल्या साठ वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. पूर्वेच्या स्टँडमध्ये त्याची खुर्ची, आणि तिच्या शेजारी नोराची. नोरा त्याची बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तरी दर हंगामाला म्हातारा दोन तिकिटं काढायचा आणि तिच्या खुर्चीवर आपला कोट ठेवायचा. कोटावर बसायची हिंमत कुणी केली नव्हती.

“ज्या दिवशी बाबा तुला त्या खुर्चीवर बसवतील ना,” हिलरीनं गार्नेटला स्पष्ट सांगितलं होतं, “त्या दिवशी तू घरचा. तोवर तू माझा भाडेकरू.”

गार्नेटला ती खुर्ची हवी होती. मागे जायला त्याला घर उरलं नव्हतं. पण त्यासाठी आधी काय करू नये, हे काही कुठल्या रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

स्टॅन्लीनं कागद लांब धरून वाचला.

“चौतीस मैल जाऊन दुसऱ्याच्या बापाला बाबा म्हणणार तू?”

“मिस्टर क्लेग, मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय.”

“तेच तर. संघ काय निवडतात? तो असतो. नाक असतं तसा. तू नाक निवडलंस? नाही ना? दिसतंच आहे.”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आमच्याकडे लोकांना निष्ठेचा फार अभिमान. स्वतः काही न करता मिळालेल्या गोष्टीचा असतो तसा.

मग जानेवारीत चषकाच्या सामन्यात, आमच्याच मैदानावर, टाऊनची गाठ थॉर्नशॉशी पडली. थॉर्नशॉ सात मैलांवर, आणि आमच्यात त्या गावाचं नाव थुंकल्यासारखं घेतात. नेमकं त्याच वेळी स्टॅन्लीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हिलरी म्हणाली, “जिने एकट्यानं चढायचे नाहीत. गार्नेटला न्या, नाहीतर रेडिओ ऐका.” म्हातारा तासभर रेडिओकडे बघत बसला आणि मग टोपी घालून उठला.

मी त्यांच्याबरोबरच निघालो होतो. स्टेशनपाशी गार्नेट मागे राहिला, आणि परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात मफलर होता. अर्धा निळा, अर्धा लाल. एका टोकाला ब्रॅक्लो, दुसऱ्याला थॉर्नशॉ. असले मफलर बाहेरगावचा एक फेरीवाला विकतो आणि ते सहलीला आलेले लोक विकत घेतात.

“हे काय?” स्टॅन्ली.

“आजच्या दिवसाची आठवण. दोन्ही बाजूंना मान.”

“मान! लेका, लग्नाला आलायस का? काढ ते. नाहीतर जा घरी.”

गार्नेट गाठ सोडू लागला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून, पाहुण्यांच्या रांगेतून, लाल टोपीतला एक म्हातारा काठी उंचावत ओरडला, “स्टॅन! स्टॅन क्लेग! मेला नाहीस अजून?”

स्टॅन्लीनं ऐकलं नाही असं दाखवलं. पण म्हातारा रस्ता ओलांडून आलाच.

“अरे, मी विल्फ! आपण दोघं तुझ्या बापाच्या खांद्यावर आळीपाळीनं बसून थॉर्नशॉची मॅच बघायचो, विसरलास? एकोणिसाव्या वर्षापर्यंत लाल होतास रे तू! ब्रॅक्लोच्या मैदानावर गवत कापणाऱ्याची पोर, ती नोरा, दिसली आणि एका उन्हाळ्यात निळा झालास. तुझा बाप मरेपर्यंत तुझ्याशी बोलला नाही.” मग त्याला गार्नेटच्या हातातला मफलर दिसला आणि तो खोकेपर्यंत हसला. “ह्यानं निदान अर्धं तरी ठेवलंय! तू तर सगळंच सोडलंस!”

 गार्नेटनं मफलर खिशात कोंबला, म्हाताऱ्याचा दंड धरला, आणि दोघं एकेक पायरी थांबत वर गेले. स्टॅन्लीनं कोट काढला आणि नोराच्या खुर्चीवर ठेवला. थंडी होती, तरी. गार्नेट कोटाच्या पलीकडे बसला. आम्ही तीन-शून्य हरलो.

दुसऱ्या दिवशी ‘रॅम’ भरलेलं. रस्त्यावर काहीतरी झालं एवढी बातमी पोचली होती. खरं म्हणजे साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांना ती गोष्ट कधीपासून माहीत होती, मलाही होती. पण स्टॅन्लीसमोर ती काढायची कुणाची छाती नव्हती; परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाली असती, तर चालली असती.

“काय रे गार्नेट,” मॅव्हिसनं ग्लास पुसत विचारलं, “तो थॉर्नशॉचा म्हातारा काल काय म्हणत होता स्टॅन्लीला?”

स्टॅन्ली आपल्या बिअरच्या फेसाकडे बघत होता. जबडा तेवढा हलत होता. इथे मला भीती वाटली, कारण गार्नेटला विचारलं की तो खरं सांगतो. मुताऱ्यांबद्दलही सांगितलं होतं.

गार्नेटनं एक घोट घेतला.

“कोण म्हातारा? मला नाही ऐकू आलं. पण तुम्ही सगळे हे काय विचारत बसलाय? तिसऱ्या गोलबद्दल बोला ना. ऑफसाइड होता तो!”

नव्हता. मी मागच्याच रांगेत होतो, थॉर्नशॉचा पोरगा चांगला दोन हात आत होता. हे पबमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“ढळढळीत ऑफसाइड!” स्टॅन्लीनं टेबलावर मूठ आपटली. “आंधळ्याला दिसला असता!”

“लाइन्समनला चष्मा लागलाय,” गार्नेट म्हणाला. “मी सांगतो. धंदा आहे माझा.”

मग सगळेच बोलू लागले. लाइन्समनची आई, थॉर्नशॉचं पाणी, पंचांचं घराणं. त्या गोंगाटात स्टॅन्ली गार्नेटकडे न बघता म्हणाला, “शनिवारी अडीचला तयार राहा. आणि एक उशी आण बसायला. ती खुर्ची फार गार लागते. कायम म्हणायची ती.”