राजा आणि सल्ला

थोरल्या मुलीला पुण्यात राहून अरबी आणि हिब्रू शिकायचं होतं. वसतिगृहाच्या अर्जावर माझी सही हवी होती, पण मला तो विषयच बनावट वाटत होता. ती सांगे, म-ल-क या तीन व्यंजनांतून अरबीत मालकी निघाली, हिब्रूत राजा आणि अरामी या जुन्या भाषेत सल्ला. आपला 'मालक' हा शब्दही अरबीतूनच आलेला. शिक्रापूरच्या कारखान्यात मी माल तपासतो. वरचे सगळे नग पास झाले की पेटीच्या तळातला काढतो. तिलाही तसंच विचारलं.

"राजा आन् सल्ला एकाच मुळातले, हे कशावरून गं?"

"ते अजून ठरलंच नाही, पप्पा. मुळं दोन असतील, असंही म्हणतात. बरोब्बर दुखरी जागा धरली की तुम्ही!"

तिनं अडचण लपवली नाही, म्हणून सही केली. निमोण्याच्या आमच्या नातलगांना मात्र, हसतील म्हणून, तिचा विषय अजून सांगितलेला नाही.