केटाची गोळी आणि कुलिबालीची छाती

झुमाना कुलिबाली म्हणजे गावातला एक नंबरचा गवंडी. मशिदीच्या मातीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडांवर पाय देत तो सरसर वर जायचा. दरसाल लिंपणाच्या दिवशी शेंड्यावरचा पहिला हात त्याचाच. पण साठी उलटली आणि पाय दगा द्यायला लागले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या कित्येक वर्षं गिळत होता, तरी प्रेशर काही हटेना.

सिदिकी केटा डॉक्टरनं रक्त तपासून घेतलं. "चवळीखाऊ म्हाताऱ्या, तुझ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी एक हार्मोन नको तेवढं बनवतायत. त्यानं अंगात मीठ साठतं, पोटॅशियम निघून जातं, म्हणून पाय लुळे पडतात. ही गोळी त्या हार्मोनला अडवते. पण छाती बायकांसारखी सुजू शकते. सुजली तर ये, आपल्या मनानं बंद करू नकोस."

झुमाना खो खो हसला. आमच्याकडे केटा आणि कुलिबाली या दोन आडनावांच्या लोकांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, चवळीखाऊ म्हणायचं, रागवायचं नाही, ही रीतच. केटानं म्हटलं आणि कुलिबालीनं खरं मानलं, असं कधी झालंय का?

गोळी मात्र घेतली. प्रेशर उतरलं, पाय भक्कम झाले. आणि छाती खरंच सुजली! आता केटाकडे जाऊन हार कबूल करायची? छे! शिवाय लिंपणाच्या दिवशी ओला अंगरखा अंगाला चिकटणार, सारं गाव बघणार. त्यानं गुपचूप गोळी सोडली. थोड्याच आठवड्यांत उंबरा ओलांडताना पाय लटपटले. बायकोनं, सनातानं, सावरलं म्हणून वाचला.

"शेंड्यावरून पडून मरायचंय का? चल मुकाट्यानं!" म्हणत तिनं त्याला दवाखान्यात नेलं.

झुमानानं अंगरखा वर केला. डॉक्टरनं छाती तपासली, पण हसला नाही. झुमानाची पाचावर धारण बसली.

"अरे, काहीतरी बोल की! केटा गप्प, म्हणजे मी मेलोच!"

"मरत नाहीस रे. गोळी बदलतो. सूज हळूहळू उतरेल. तोवर पोरांना पाजत बस!"

झुमानाच्या जिवात जीव आला.

लिंपणाच्या दिवशी ढोल वाजले. प्रेशर आणि पोटॅशियम ताळ्यावर आलेलं पाहून डॉक्टरनं परवानगी दिली होती. झुमाना चिखलाची टोपली घेऊन थेट शेंड्यावर गेला, पहिला हात मारला आणि सगळ्यांदेखत ओला अंगरखा काढून भिरकावला.

"बघा रे! केटानं मला दिलेला दागिना!"

खाली हास्याचा कल्लोळ उडाला. डॉक्टर तर पोट धरून चिखलातच बसला. सारं गाव छातीकडे बघत होतं. सनाता तेवढी त्याच्या पायांकडे बघत होती. पाय जराही लटपटत नव्हते.