ताईचा पाय आणि तीन ओळींचा कायदा

आमच्या ताईला बसवत नाही. जेवायला बसली तरी एक पाय मांडी घातलेला आणि दुसरा उठायच्या तयारीत. खुर्चीत बसली की उजवा पाय हलायला लागतो, तो इतका की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरतं. "पाय हलवू नकोस गं!" असं आई दिवसभर ओरडायची. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी वयानं धाकटी, तोंडानं थोरली. असं ताई म्हणते हं, मी नाही.

अशा बाईला नोकरी मिळाली तीही चालायची, पण पळायची बंदी असलेली! कायदे करणारी आमच्याकडे दोन सभागृहं, खालचं आणि वरचं. नावं तशी असली तरी आहेत एकाच मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या दोन टोकांना. एका सभागृहात विधेयक मंजूर झालं की ते दुसऱ्यात पाठवायचं असतं, आणि ते आजही माणसानंच हातात घेऊन जायचं अशी तिथली रीत आहे. चामड्याची चपटी पेटी, तिला फीत, फितीवर लाखेचं सील. ती पेटी नेणारी म्हणजे आमची ताई. लोकांनी कामाचं विचारलं की म्हणायची, "हमाली करते. ओझं तेवढं हलकं असतं."

नियम कडक. व्हरांड्यात पळायचं नाही. पेटी उघडायची नाही. विधेयकाबद्दल कुणाला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, आपलं मत तर मुळीच असू द्यायचं नाही. पलीकडच्या सभागृहाच्या दारात जमिनीत एक पितळी पट्टी आहे, तिच्यावर उभं राहायचं, मान झुकवायची आणि सभापतींची नजर वळेपर्यंत गप्प थांबायचं. कुणी बोलत असेल तर त्याचं होऊ द्यायचं. ताईनं हे कसं निभावलं ते तिचं तिला ठाऊक. तिच्या बुटांची टोकं मात्र आतून झिजायची. चांभार दर वेळी विचारायचा, "बाई, तुम्ही चालता की उकरता?"

या सगळ्याशी माझा काही संबंध नव्हता. मी घरी पडदे शिवते. माझे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, ताईसुद्धा. मग मास्तरांच्या दोन्ही किडन्या गेल्या. एक दिवसाआड यंत्राला जोडून घ्यायचं, आणि मधल्या दिवशी थकून पडायचं, असं सुरू झालं. माझी किडनी द्यायला मी लगेच तयार झाले, तर मला साखर निघाली. ह्यांना भाऊबहीण नाही, आईवडील नाहीत, आम्हाला मूलबाळ नाही.

"माझी बघा," ताई म्हणाली. बाजारातून कोथिंबीर आणते म्हणावं तशी!

बघितली. जुळली. अशी जुळली की डॉक्टरीणबाई स्वतः उठून उभ्या राहिल्या. आणि मग परत बसल्या. "पण तुम्ही त्यांच्या कोण?"

"मेहुणी."

"मग नाही चालणार. कायद्यात आईवडील, भावंडं, मुलं आणि नवराबायको एवढेच बसतात. मेहुणी बसत नाही."

"बसत तर मी कुठेच नाही," ताई म्हणाली. मला हसू आलं नाही. तिथेच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. किडनी आहे, देणारी आहे, घेणारा समोर झुरतोय, आणि मध्ये हा कायदा!

त्यानंतर काही महिन्यांनी ताई एका संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. खालच्या सभागृहात एक विधेयक मांडलं गेलं होतं. जेमतेम तीन ओळींचं. जवळच्या नातेवाइकांत सासरमाहेरची माणसंही धरावीत, म्हणजे दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी, सून, जावई.

"म्हणजे झालंच की!" मी म्हटलं.

"कुठलं झालं? आत्ता तर नुसतं नाव वाचलंय." तिनं मिठाची बरणी उचलून टेबलाच्या एका टोकाला ठेवली. "हे विधेयक. पहिलं वाचन म्हणजे नाव वाचायचं, बाकी काही नाही. मग ते समितीकडे जाणार. समिती त्याची पिसं काढणार. मग परत सभागृहात, एकेका कलमावर चर्चा. मग शेवटचं मतदान. मंजूर झालं की," ती बरणी घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली, "वरच्या सभागृहात. तिथे हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा? का? पहिल्यांनी झोपेत केलेलं असतं का?"

"कधीकधी," ताई म्हणाली. "आणि त्यांनी एक शब्द जरी बदलला, तर परत इकडे. दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं झालं, की राष्ट्रप्रमुखांची सही. मग कायदा."

मास्तर पडल्या पडल्या बघत होते. त्यांनी पाकिटाच्या मागे पाय फुटलेली मिठाची बरणी काढली, व्हरांड्यातून धावणारी. ताईनं ते चित्र बघितलं आणि म्हणाली, "पळायची बंदी आहे, मास्तर." मग ते पर्समध्ये टाकलं.

समितीनं खरोखरच पिसं काढली. महिन्यामागून महिने गेले. ह्यांचं अंग सुजायचं, उतरायचं, परत सुजायचं. पाण्याचे घोट मोजून प्यायचे. मी पडदे शिवताना सुई बोटात खुपसून घ्यायचे आणि समितीला शिव्या द्यायचे. "त्या समितीच्या अध्यक्षाला एकदा विचार की, अजून किती दिवस घोळ घालणार?"

"मला विचारता येत नाही."

"का नाही? तोंड नाही तुला?"

"आहे, पण तिथे ते बाहेर काढून ठेवावं लागतं," ताई म्हणाली आणि तिचा पाय हलायला लागला. मी तिच्या गुडघ्यावर दाबून हात ठेवला. हात काढला की पाय परत सुरू.

अखेर खालच्या सभागृहानं विधेयक मंजूर केलं आणि ताईनं पेटी वरच्या सभागृहात नेली. तिथे एक म्हाताऱ्या सदस्या उठल्या. म्हणाल्या, "सासरची माणसं आली की दबाव आला. देणारी बाई स्वखुशीनं देतेय का, हे तिला एकटीला भेटून विचारणारा बाहेरचा माणूस हवा." झाली दुरुस्ती! म्हणजे विधेयक पुन्हा खाली जाणार.

मी घर डोक्यावर घेतलं. मास्तर तेवढे शांत. "बरोबर आहे बाईंचं," ते म्हणाले. "उद्या लोक एखाद्या गरीब सुनेला धरून आणतील. आपल्यासाठी कायदा करायचा म्हणून तिच्या पोटावर सुरी का?"

"तुम्ही गप्प पडा," मी म्हटलं. बरोबर असलेल्या माणसाला आणखी काय बोलणार?

पण दिवस नव्हते. अधिवेशन संपत आलं होतं, पुढे निवडणुका. खालचं सभागृह बरखास्त झालं की अर्धवट राहिलेली विधेयकं कचऱ्यात, आणि मग सगळं पहिल्या वाचनापासून. वरच्या सभागृहानं दुरुस्तीसकट मंजुरी दिली ती अगदी शेवटच्या दिवशी. मी त्या दिवशी खालच्या सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसले होते.

दार उघडलं आणि ताई दिसली. पेटी छातीशी धरलेली. चालत आली होती, पण श्वास पळाल्यासारखा चालला होता. पितळी पट्टीवर उभी राहिली, मान झुकवली. आणि एक ढेरपोटे सदस्य बोलत होते! विषय काय, तर निरोप. निवडून आलो तेव्हा कसा होतो, आता कसा आहे, सभागृहानं मला काय दिलं. अरे बाबा, दिलं असेल, घरी जाऊन मोज! लोक घड्याळं बघत होते, काहीजण उठून चालले होते. पुरेसे सदस्य उरले नाहीत तर मतदानच होणार नाही, हे मला ताईनंच सांगितलं होतं. ती तशीच उभी, पुतळ्यासारखी. मला तेवढं वरून दिसत होतं की उजव्या बुटाचं टोक आतून वर-खाली, वर-खाली होतंय.

सदस्य पाणी प्यायला थांबले. सभापतींची नजर दाराकडे गेली. त्यांनी हात वर केला, सदस्यांना म्हणाले, "आपलं संपलं असं मी धरतो." देव त्यांचं भलं करो. ताईनं ठरलेलं वाक्य म्हटलं, पेटी पुढे झाली, दुरुस्ती वाचली, आवाजी मतदान झालं. "होय"चा आवाज ऐकून मी गॅलरीत रडले. शिपायानं मला बाहेर काढलं. गॅलरीत रडायचीही बंदी असते.

थोड्याच दिवसांत राष्ट्रप्रमुखांची सही झाली. त्यांच्या दारापर्यंतही पेटी ताईच घेऊन गेली. परत आली ती घरात शिरायच्या आधीच जिन्यातून ओरडत, "मास्तर, झाला कायदा! उठा!" मास्तर भिंत धरून उभे राहिले. मी दवाखान्याची पिशवी भरली. त्या दिवशी आम्ही तिघं वेड्यासारखी हसलो.

दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या परवानग्या बघणारे एक गृहस्थ होते, सभ्य आणि कंटाळलेले. त्यांनी कायदा उघडून बघितला. "झालाय खरा. पण लागू झालेला नाही."

"म्हणजे?" ताई म्हणाली. "सही झाली. मी स्वतः नेलंय."

"हे शेवटचं कलम बघा. सरकार राजपत्रात तारीख जाहीर करील त्या दिवसापासून हा कायदा अंमलात येईल. तारीख जाहीर झालेली नाही. तो दबाव तपासणारा माणूस कोण, कसा नेमायचा, त्याचे नियम आधी व्हायला हवेत."

मी ताईकडे वळले. माझा आवाज अख्ख्या दालनात गेला असणार. "तू वाचलं नव्हतंस? जन्म गेला तुझा कायदे वाहण्यात!"

"आम्ही उघडत नाही गं," ती म्हणाली. "सही झाली की माझं चालणं संपतं. मला वाटलं, कायदाही तिथेच संपतो." तिचा चेहरा पडला. मास्तर बाकावर बसले होते. त्यांनी पिशवी जवळ ओढली आणि हळूच म्हणाले, "चला, घरी जाऊ."

नियम लिहिले जात होते आरोग्य खात्यात. कधी होतील? लवकरच. लवकरच म्हणजे? म्हणजे लवकरच. मास्तरांना आता जिना चढवेना, हातात पेन्सिल धरवेना. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी उशीर झाला तर शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नाही.

त्या आठवड्यात ताईनं नोकरीचा राजीनामा दिला. मला नंतर कळलं. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. "थोडं थांबायचं होतंस," मी म्हटलं, तर म्हणाली, "नोकरीत असताना मला विचारता येत नव्हतं. आता येतं."

आणि ती विचारायला गेली. खात्यात नियम लिहिणाऱ्या एक तरुण अधिकारी होत्या, डोक्यावर कामाचा डोंगर. त्यांच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता, त्याचा एक पाय आखूड. ताई रोज सकाळी त्या बाकावर जाऊन बसायची आणि मग तिचा उजवा पाय सुरू व्हायचा. कट, कट, कट, कट. दिवसभर! चौथ्या की पाचव्या दिवशी बाई दार उघडून बाहेर आल्या.

"आजी, तो आवाज बंद करा. मला काम सुचत नाही."

"तुम्ही तारीख द्या, बंद होईल. आणि आजी नाही, ताई म्हणा."

बाईंनी डोक्याला हात लावला, मग बाकावर तिच्या शेजारी बसल्या आणि पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं. मास्तरांचं, पेटीचं, शेवटच्या कलमाचं. ताईच्या आवाजानं काम झालं की व्हायचंच होतं म्हणून झालं, कोण जाणे. पण नियम झाले आणि तारीख जाहीर झाली.

मग त्या म्हाताऱ्या सदस्याबाईंच्या दुरुस्तीतला बाहेरचा माणूस आला. मला खोलीबाहेर काढलं. दाराला कान लावला होता, खोटं कशाला बोलू?

"तुमच्यावर घरच्यांचा काही दबाव आहे का?"

"आहे हो," ताई म्हणाली. "बहीण जिथे तिथे बसायला सांगते. बाकी काही नाही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघांना शेजारशेजारच्या दालनांतून आत नेलं. मी व्हरांड्यात येरझारा घातल्या. एका परिचारिकेनं मला बसायला सांगितलं तर मी तिच्यावरच खेकसले. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्तरांची नवी किडनी काम करायला लागली होती. मी त्यांचे हात धरले, काय बोलले ते आठवत नाही.

मग ताईकडे गेले. ती पांढऱ्या चादरीखाली उताणी पडली होती, डोळे मिटलेले, चेहरा कागदासारखा. आणि चादरीखाली उजवा पाय स्वस्थ. अगदी स्वस्थ. जन्मात मी तो पाय असा बघितला नव्हता. झोपेतसुद्धा नाही. तिनं देऊन टाकलं, आणि आता हे काय होऊन बसलं? मी पलंगाच्या पायथ्याशी गेले, चादरीवरून तिचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"ताई," मी म्हटलं, "पाय हलव गं. हलव ना पाय. मी काही म्हणणार नाही. कधीच म्हणणार नाही."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या मुठीत तिच्या पायाचा अंगठा हलला. एकदा. परत एकदा. ताईनं डोळे न उघडताच विचारलं, "मास्तर कसे आहेत?"